‘पालक संपर्कात आहेत’ : बाल कल्याण समित्यांच्या सदस्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व जिल्ह्यांच्या बाल कल्याण समित्यांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका बालगृहात मी बावीस वर्षं अधीक्षिका होते. २००१ साली रुजू झाले, २०२३ साली निवृत्त झाले. संस्थेतल्या मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणारी आमच्या जिल्ह्याची समिती एवढ्या काळात किती वेळा बदलली ते आता मोजून सांगता येणार नाही. बैठकीची जागा बदलली, कायदा बदलला, फॉर्म बदलले. एक ओळ मात्र तशीच राहिली. समितीपुढच्या सुनावणीच्या दर तारखेला आम्ही मुलाचा अहवाल पाठवायचो. त्यात पालकांविषयीचा एक रकाना असायचा, आणि निम्म्याहून जास्त मुलांच्या पुढे मी त्यात लिहायचे, ‘पालक संपर्कात आहेत’.

ही ओळ वाचली की समितीपुढचं काम थांबतं. पालक आहेत म्हटल्यावर मूल अनाथ नाही, सोडलेलं नाही, म्हणजे दत्तक देण्याचा प्रश्नच नाही. मग ‘संस्थेत पुढील आदेशापर्यंत ठेवावे’ एवढं लिहून पुढची तारीख पडते. मी ती ओळ खोटेपणानं लिहीत नव्हते. कुणाच्या आईचा दिवाळीत फोन आलेला असायचा, कुणाच्या मामानं मागच्या वर्षी येऊन सही केलेली असायची. तेवढ्यावर मी लिहायचे आणि तेवढ्यावर तुमच्याआधीचे सदस्य पुढची तारीख द्यायचे. आज त्याच ओळीबद्दल तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण त्या ओळीखाली माझ्या डोळ्यांदेखत मुलांची बालपणं संपली.

एक मुलगा सांगते. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि ते कलम नसतं तरी मी नाव लिहिलं नसतं. २००८ च्या पावसाळ्यात त्याची आईच त्याला समितीपुढे घेऊन आली. वय तीन वर्षं. नवरा सोडून गेलेला, तिनं दुसरं घर केलेलं, आणि त्या घरात या मुलाला जागा नव्हती. ‘सहा महिन्यांत नेते’ असं तिनं लेखी दिलं. पहिल्या वर्षी ती चार वेळा आली. दर वेळी केळी आणि बिस्किटांचा पुडा आणायची. मुलगा बिस्किटं खायचा नाही, पुडा उशाखाली ठेवायचा, मुंग्या लागल्या की रडायचा. दुसऱ्या वर्षी ती दोनदा आली. मग चौदा महिने आली नाही. मग एकदा आली, अर्धा तास बसली, आणि त्या अर्ध्या तासानं पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं. ‘पालक संपर्कात आहेत.’

आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेट असायची. त्या दिवशी तो सकाळी आंघोळ करून, केसांना पाणी लावून, भांग पाडून फाटकाजवळच्या ओट्यावर बसायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. सहा वर्षांचा असताना बसायचा, आठ वर्षांचा असताना बसायचा. दहाव्या वर्षी बसायचा थांबला आणि त्यानंतर रविवारी तो कुणाशी तरी मारामारी करायचा. त्याचं कारण काय ते आम्हाला माहीत होतं. समितीला जाणाऱ्या अहवालात मी लिहिलं, ‘वर्तन आक्रमक, समुपदेशनाची गरज’.

सहाव्या वर्षी तो दत्तक गेला असता. आठव्या वर्षीही गेला असता. परदेशातली कुटुंबं आठ-नऊ वर्षांची मुलं, भावंडांच्या जोड्याही घेतात, हे दत्तक संस्थेत काम करणारं कुणीही तुम्हाला सांगेल. पण त्यासाठी मूल आधी कायद्यानं मोकळं झालेलं असावं लागतं. ते त्याचं झालं नाही. २०२३ साली तो अठरा वर्षांचा झाला आणि त्याला अनुरक्षणगृहात, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या मोठ्या मुलांच्या निवासात, पाठवायची वेळ आली. जायच्या आदल्या दिवशी तो कार्यालयात आला आणि म्हणाला, ‘बाई, माझी फाईल बघू द्या.’ मी दिली. तासभर तो जमिनीवर बसून पानं उलटत होता. शेवटी त्यानं फक्त एवढंच विचारलं, ‘एवढ्या तारखा कशाच्या होत्या?’

त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मी अजून शोधते आहे.

आता कायद्याकडे येते, कारण तुमच्यातले बरेच जण नव्यानं नेमले गेले असतील आणि प्रशिक्षणात हा भाग घाईत उरकला जातो असा माझा अनुभव आहे. अमेरिकेत आई-वडिलांचे मुलावरचे हक्क संपवायचे असतील तर न्यायालयात तसा खटला चालतो. आपल्याकडे त्या नावाचा खटला नाही. आपल्याकडे हे काम तुमच्या समितीच्या एका आदेशानं होतं. मूल ‘दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त’ आहे असं समिती जाहीर करते, आणि कलम ३८ प्रमाणे त्यासाठी किमान तीन सदस्यांचा निर्णय लागतो. पुढे दत्तकाचा आदेश झाला की कलम ६३ प्रमाणे जन्मदात्या कुटुंबाशी असलेली नाती संपतात आणि नव्या कुटुंबाची जुळतात. म्हणजे न्यायालयात जे महिनोन्‌महिने वाद होऊन ठरतं, ते आपल्या जिल्ह्यात तीन सह्यांनी ठरतं. त्या सह्या करताना तुमचा हात थरथरला तर मला त्यात दोष दिसत नाही. तो थरथरायलाच हवा. माझी तक्रार आहे ती सही न करता फाईल बाजूला सारण्याबद्दल.

कलम ३८ मध्येच वेळेची मर्यादा आहे. सापडलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर समितीपुढे आणल्यापासून दोन महिन्यांत, त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत चौकशी पुरी करून निर्णय द्यायचा. झुडपात, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या पायरीवर सापडलेल्या तान्ह्या बाळांच्या बाबतीत हे बऱ्यापैकी पाळलं जातं, कारण तिथे आई-बाप कोण हेच ठाऊक नसतं. अडकतात ती आई-बाप ठाऊक असलेली मुलं. पत्ता आहे, आधार कार्डाची झेरॉक्स आहे, फोन नंबर आहे, येणारं मात्र कुणी नाही.

इथे मी तुम्हाला कायद्याची व्याख्या पुन्हा एकदा वाचायची विनंती करते. जन्मदात्यांनी, दत्तक घेणाऱ्यांनी किंवा पालनकर्त्यांनी सोडून दिलेलं आणि रीतसर चौकशीनंतर समितीनं तसं जाहीर केलेलं मूल म्हणजे सोडलेलं मूल. पालक अज्ञात असले पाहिजेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातही आई-बापांनी मुलाला टाकून दिलं असेल तर पालनकर्त्याला न्यायालयाच्या परवानगीनं ते दत्तक देता येतं. म्हणजे आई-बाप जिवंत असताना, त्यांचं नाव-गाव माहीत असताना मूल टाकलेलं असू शकतं, हे आपल्या कायद्याला फार पूर्वीपासून समजलेलं आहे. समजलेलं नाही ते आपल्या कार्यालयांना.

सर्वोच्च न्यायालयाला मात्र ते दिसलं. २० नोव्हेंबर २०२३ च्या आदेशात न्यायालयानं राज्यांना सांगितलं की बालसंस्थांमधली अनाथ, सोडलेली आणि आई-बापांनी स्वतःहून समितीच्या स्वाधीन केलेली मुलं दर दोन महिन्यांनी शोधून काढा आणि त्यांची नोंद करा. एक वर्षाहून जास्त काळ ज्यांना भेटायला कुणी आलेलं नाही आणि ज्यांचे पालक सांभाळायला योग्य नाहीत, अशा मुलांचीही माहिती मागवली. माझा मुलगा (मी त्याला माझाच म्हणते) त्याच वर्षी संस्थेतून बाहेर पडला होता.

त्याआधी २०२२ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीनं दत्तक कायद्यांवर अहवाल दिला होता. त्यातले आकडे मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. देशात दत्तक घ्यायला नाव नोंदवून बसलेली कुटुंबं २७,९३९. संस्थांमधली दत्तक जाऊ शकतील अशी अनाथ, सोडलेली, स्वाधीन केलेली मुलं ६,९९६. त्यांतली कायद्यानं मोकळी झालेली २,४३०. दोन्ही बाजूंना माणसं वाट पाहत बसलेली, आणि मधे साडेचार हजारांवर मुलं कागदाला अडलेली. आणि या मोजणीत माझ्या त्या मुलासारखी मुलं धरलेली नसणार, कारण कागदावर तो सोडलेला कधी झालाच नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की ही बाई पालकांच्या विरोधात आहे. म्हणून दुसरी हकिकत सांगते, आणि ती तितक्याच जोरानं सांगते.

पाच-सहा वर्षांची एक मुलगी आम्हाला एसटी स्टँडवर सापडली. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणली. तिला आईचं नाव सांगता येत होतं, गावाचं नाव सांगता येत होतं, तालुका सांगता येत नव्हता, आणि त्या नावाची गावं मराठवाड्यात चार. पोलिसांचा अहवाल आला: ‘सदर गावी जाऊन चौकशी केली असता सदर इसम मिळून आले नाहीत.’ वर्तमानपत्रात फोटो छापून आला. चार महिने संपत आले. सगळे कागद पुरे होते, आणि कागदांवरून पाहिलं तर हे मूल टाकलेलं होतं.

महिना कुठला होता? जानेवारी. आमच्या भागात जानेवारीत अर्धी गावं रिकामी असतात. दसरा झाला की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी ऊस तोडायला कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटकापर्यंत, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. घरी म्हातारं माणूस आणि लहान पोरं. पोलीस शिपाई त्या गावात गेला तेव्हा त्याला ‘सदर इसम’ मिळून येणार कसे? आणि उसाच्या फडात रोजचं वर्तमानपत्र कोण वाचणार? ती मुलगी आजीजवळ ठेवलेली होती, आजी वारली, शेजारच्यांनी ‘आई-बापाकडे पोचवतो’ म्हणून तिला नेलं आणि स्टँडवर ती हातातून सुटली.

मुलांच्या घरची चौकशी करणाऱ्या आमच्या परिविक्षा अधिकारी बाई चिकाटीच्या होत्या. त्या चारही गावांत स्वतः गेल्या. तिसऱ्या गावातल्या आशाताईंनी घर ओळखलं, मुकादमाचा फोन मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी ती आई आली. पायात चप्पल नव्हती. पाचटानं हात कापलेले होते. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की पोरगी हरवली आहे. गावाकडचे म्हणायचे, ‘आहे बरी.’ फाटकातून आत येताना तिनं जो आवाज काढला तो मी सांगू शकत नाही. आणखी तीन आठवडे गेले असते तर त्या बाईचं मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं झालं असतं.

म्हणून नुसतं घड्याळ लावून चालेल असं मी म्हणत नाही. अमेरिकेनं १९९७ च्या कायद्यानं तसं घड्याळ लावलं. मूल गेल्या २२ महिन्यांतले १५ महिने सरकारी देखभालीत असेल तर आई-बापांचे हक्क संपवण्यासाठी राज्यानं अर्ज करायचा, काही अपवाद सोडून. त्यानं अनेक मुलांना घरं मिळाली. आणि गरीब, काळ्या, तुरुंगात असलेल्या आई-बापांची मुलंही मोठ्या संख्येनं तुटली, ही टीका तिथले लोक आजही करतात. आपल्याकडे आंधळं घड्याळ लावलं तर ते आधी ऊसतोड्यांवर, वीटभट्टीवाल्यांवर, पारधी वस्त्यांवर आणि एकट्या बायांवर आदळेल. गरिबी म्हणजे मूल टाकणं नव्हे. आपल्या कायद्यालाही हे कळतं. मूल टाकणं हा कलम ७५ खाली गुन्हा आहे, पण हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे जन्मदात्यांनी मूल टाकलं असेल तर ते जाणूनबुजून केलेलं धरायचं नाही, अशी सवलत तिथेच दिलेली आहे. आणि कलम ३८ तर स्पष्ट सांगतं की सोडलेल्या किंवा स्वाधीन केलेल्या मुलाच्या चौकशीत जन्मदात्या आई-बापांवर एफआयआर करायचा नाही.

माझ्या मते दोन्ही मुलांवर एकाच चुकीनं अन्याय होत होता. कुणी नीट शोधलं नाही. मुलीच्या बाबतीत आई कुठे आहे ते शोधलं नाही, मुलाच्या बाबतीत आई येणार आहे का ते शोधलं नाही.

त्या मुलाच्या आईबद्दलही बोलते, कारण तिचा राग करत मी बरीच वर्षं घालवली आणि आता करत नाही. २००८ साली ती समितीपुढे उभी होती तेव्हा तिला कुणीतरी बसवून विचारायला हवं होतं: बाई, तू खरंच नेणार आहेस का? नेता येणार नसेल तर सांग. त्यात लाज नाही. कायदा तुला मूल स्वाधीन करू देतो, विचार बदलायला दोन महिने देतो, तुझं नाव गुप्त ठेवतो. आज हे कलम ३५ मध्ये आहे, पण स्वाधीन करण्याची सोय तेव्हाच्या कायद्यातही होती. तिला ते कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्यापुढे मूल ‘देऊन टाकते’ म्हणायची तिची हिंमत होणं शक्य नव्हतं, कारण तिच्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘आई आहेस ना तू?’ असं लिहिलेलं होतं. म्हणून ती ‘सहा महिन्यांत नेते’ म्हणाली. तेवढंच ती म्हणू शकत होती.

याच मातीत १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडचणीत सापडलेल्या विधवेनं तिथे यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं असेल तर न्यावं, नसेल तर ठेवून जावं. त्यांनी त्या बायांना पापी म्हटलं नाही. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्यानं पुण्याजवळ रोग्यांची सेवा केली. सावित्रीबाई त्या साथीत रोग्यांना उचलून त्याच्या दवाखान्यात आणत होत्या आणि त्यातच गेल्या. त्यांच्या फोटोला आपण दर ३ जानेवारीला हार घालतो. बैठकीच्या खोलीतही तो फोटो असतो. त्याच्याखाली बसून एखाद्या बाईला ‘स्वतःचं मूल टाकायला लाज नाही वाटत?’ असं विचारलेलं मी ऐकलं आहे. पुढच्या महिन्यात ती बाई आली नाही, फोन बंद झाला, आणि तिचं बाळ सव्वा वर्ष कुणाचंच नव्हतं.

आता आमच्याबद्दल, म्हणजे संस्थांबद्दल. हेही मला लपवायचं नाही. आम्हाला अनुदान मुलांच्या संख्येवर मिळतं. मूल गेलं की पटावरची संख्या कमी होते. मोठी, शहाणी मुलं लहानग्यांना सांभाळतात, स्वयंपाकघरात हात लावतात, पाहुणे आले की गाणं म्हणतात. ती जाऊ नयेत असं कुणी तोंडानं म्हणत नाही. पण मुलाची फाईल पुढे सरकावी म्हणून कुणी धावपळही करत नाही. ‘पालक संपर्कात आहेत’ ही ओळ आम्हाला सोयीची होती. म्हणून संस्थेच्या अहवालावर विसंबू नका, असं मी संस्थेची माणूस म्हणून सांगते.

मग काय करा म्हणते मी? अगदी पहिलं, भेटवही मागवा. अहवाल नको, मूळ वही. कोण आलं, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, कुणाची सही, कुणाचा अंगठा. वही खोटं बोलत नाही. फोनवरच्या दोन मिनिटांना भेट धरू नका. मामा, काका, गावचा कुणी येऊन सही करून गेला तर त्याला विचारा, बाबा, तू याला घरी नेशील का? नेणार असेल तर चांगलंच आहे, त्याचं घर बघून या. नेणार नसेल तर ती सही मुलाच्या वाटेतली धोंड होऊ देऊ नका. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्यालाही विचारा, आणि बैठकीच्या टेबलासमोर उभं करून नव्हे. आमची एक समुपदेशक मुलांना अंगणात नेऊन मातीत घर काढायला लावायची. त्या घरात कोण आहे आणि कोण नाही हे बघून तिला जे कळायचं ते आमच्या फॉर्ममध्ये कधी मावलं नाही.

ज्यांच्याकडे वर्षभर कुणी आलेलं नाही, त्यांच्या पालकांचा शोध माणूस पाठवून घ्या. रजिस्टर पोस्टाचं पाकीट ‘पत्त्यावर राहत नाही’ शेरा होऊन परत आलं म्हणजे शोध संपला असं धरू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे माणसं कमी आहेत, गाडीला डिझेल नसतं, हे मला माहीत आहे. पण गावात आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, शाळेचे मास्तर आहेत, रेशन दुकानदार आहे, मुकादम आहे. एक फोन केला तर बीडमधला मुकादम सांगली जिल्ह्यातल्या पेठनाक्यावरच्या ऊसतोड टोळीचा पत्ता सांगतो.

आणि पालक सापडले की त्यांच्याशी खरं बोला. न्यायला तयार असतील तर त्यांना रिकाम्या हातानं पाठवू नका. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वातून महिन्याला चार हजार, नाहीतर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून २,२५० रुपये मिळू शकतात, आणि कितीतरी आया फक्त एवढ्यासाठीच मूल संस्थेत ठेवतात की तिथे जेवण आणि शाळा आहे. तो अर्ज त्यांच्याकडून तिथेच भरून घ्या. ते झाल्यावर, त्यांना समजेल अशा भाषेत, लमाणीत, पारध्यांच्या बोलीत, तेलुगूत, लागेल त्या भाषेत सांगा, की अमुक तारखेपर्यंत तुम्ही आला नाहीत, मुलाला नेलं नाही, तर हे मूल दुसऱ्या घरी जाईल आणि मग परत मागता येणार नाही. हे वाक्य मी बावीस वर्षांत कुणा पालकाला कुणी स्पष्ट सांगताना ऐकलं नाही. ते ऐकून काही जण धावत येतील. काही जण खाली मान घालून ‘जाऊ द्या त्याला चांगल्या घरी’ म्हणतील. दोन्ही उत्तरं मुलाच्या भल्याची आहेत.

आणि तरीही कुणी आलं नाही तर सह्या करा. चार महिन्यांनी पुन्हा बघू म्हणू नका. नवी समिती येईल ती बघेल म्हणू नका. आमच्या जिल्ह्यात एकदा आठ महिने समितीत दोनच सदस्य होते, शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे अतिरिक्त कार्यभार होता, आणि त्या आठ महिन्यांत आमच्याकडची तीन मुलं पाचची सहा झाली. दत्तक घेणाऱ्यांच्या नजरेत तो एक वाढदिवस किती मोठा असतो हे मला वेगळं सांगायला नको. सरकारनं समित्यांच्या जागा वेळेवर भरल्या पाहिजेत, त्यासाठी मी वेगळं लिहीनच, पण तीन सदस्य हजर असतील त्या दिवशी तरी दुसरी कामं बाजूला ठेवून आधी ही प्रकरणं घ्या.

मोठी मुलं दत्तकाला नको म्हणतात, असंही होतं. बारा-तेराची मुलगी म्हणते, मला नवी आई नको, मला इथेच राहून शिकायचंय. तिचं ऐका. तिच्यासाठी प्रतिपालकत्वाचा, म्हणजे दत्तक न जाता दुसऱ्या कुटुंबात राहण्याचा, मार्ग आहे, आणि तिथे जुनं नाव, जुनी आठवण पुसावी लागत नाही. पण ते तिनं ठरवावं, आणि विचारलं गेल्यावर ठरवावं.

मी अजून आठवड्यातून दोनदा संस्थेत जाते. अभ्यास घेते, वेण्या घालते. तिथे सात वर्षांची एक मुलगी आहे. चार वर्षांची असताना आजोबांनी आणून सोडली, बाप माहीत नाही, आई कामासाठी मोठ्या शहरात गेली ती गेलीच. आजोबा गेल्या वर्षी वारले. आईचा पाच महिन्यांपूर्वी एक फोन आला होता, दुसऱ्याच नंबरवरून, आणि मुलीला बोलावून आणेपर्यंत कट झाला. माझ्या जागी आता ज्या अधीक्षिका आहेत त्या मनानं चांगल्या आहेत, कामाच्या ओझ्याखाली आहेत. परवा त्यांच्या टेबलावर मुलीचा अहवाल टाईप होऊन पडला होता. पालकांच्या रकान्यात तीच ओळ होती.

मी त्यांना ती बदलायला सांगितली आहे. ‘शेवटची प्रत्यक्ष भेट : दोन वर्षं सात महिन्यांपूर्वी, आजोबा’ असं लिहायला सांगितलं आहे, आणि ज्या नंबरवरून फोन आला तोही लिहायला सांगितला आहे, म्हणजे पोलिसांना त्यावरून पत्ता काढता येईल. गुरुवारी तिची तारीख आहे. तिच्या फाईलबरोबर भेटवही पाठवायला मी सांगितलं आहे. आली नसेल तर मागवून घ्या.

आपली,
एका बालगृहाची निवृत्त अधीक्षिका